काउंटरच्या आतून: अमेरिकेत ब्लॅक इतिहास जपणाऱ्या हॉटेलात राहायचं तर

मेरीलँडमध्ये हायवेलगतच्या एका मोटेलच्या काउंटरमागे मी सहा वर्षं काढली, त्यातली चार रात्रपाळीला. रात्री दोनच्या सुमारास दिवसाचा हिशोब बंद करायचा, पहाटे कॉफीचं मशीन लावायचं आणि मधल्या वेळात येईल त्याला किल्ली द्यायची. किल्ली कुणाला द्यायची नाही, हेही ठरलेलं होतं. लायसन्सवर पंचवीस मैलांच्या आतला पत्ता असेल तर ‘लोकल पॉलिसी’ म्हणून परत पाठवायचं. कारण सांगितलं जायचं ते पार्ट्यांचं: गावातली पोरं खोली घेतात आणि धिंगाणा घालतात. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. पण गोऱ्या जोडप्याच्या लायसन्सवरचा पत्ता मी कधी वाचलाच नाही, आणि मालकांनीही त्याबद्दल कधी विचारलं नाही.

एका जानेवारीत रात्री साडेअकराला एक ब्लॅक कुटुंब आलं. थंडीने घरातला पाण्याचा पाइप फुटला होता. धाकटी मुलगी पायजम्यावर जाडा कोट चढवून उभी, काखेत उशी. पत्ता बारा मैलांवरचा. मी पॉलिसी म्हणून दाखवली. वडिलांनी मागे वळून पार्किंगकडे पाहिलं. साठ खोल्यांच्या मोटेलपुढे सात गाड्या. लायसन्स खिशात घातलं, मुलीकडची उशी घेतली आणि गेले. वाद नाही, आवाज नाही. हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं, एवढं मला कळलं. मालक आपल्याच देशातले होते, आणि काउंटरवर मी.

ती नोकरी सुटली, प्रसंग काही सुटला नाही. तेव्हापासून कुठेही फिरायला निघालो की हॉटेल निवडताना मी काउंटरच्या आतली नजर लावते. ओळखीतले लोक हल्ली विचारतात, ‘ब्लॅक संस्कृतीवाली, सामाजिक न्यायवाली हॉटेलं असतात म्हणे, कुठली घ्यायची?’ दरवेळी फोनवर तासभर जातो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

आधी एवढं डोक्यात असू द्या की या देशात हॉटेलची खोली ही साधी गोष्ट कधीच नव्हती. न्यूयॉर्कच्या हार्लेम या ब्लॅक वस्तीत राहणारे एक पोस्टमन, व्हिक्टर ह्यूगो ग्रीन, यांनी १९३६ मध्ये ‘ग्रीन बुक’ काढलं. ब्लॅक प्रवाशाला कुठे झोपायला मिळेल, कुठे जेवायला, कुठे पेट्रोल, याची ती यादी. तीस वर्षं ती निघत राहिली. २ जुलै १९६४ ला नागरी हक्क कायदा झाला आणि त्याच्या दुसऱ्या प्रकरणाने हॉटेल-मोटेलवाल्यांना वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश बघून गिऱ्हाईक नाकारायला बंदी केली. अटलांटातलं २१६ खोल्यांचं ‘हार्ट ऑफ अटलांटा’ मोटेल लगेच कोर्टात गेलं. आम्ही कुणाला ठेवायचं ते आम्ही ठरवू, हा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने एकमताने तो फेटाळला. म्हणजे दारावरची ‘फक्त गोऱ्यांसाठी’ ही पाटी गेली. दारामागे काय राहिलं, ते मी वर सांगितलंच.

झोपायचंय की बघायचंय?

हा घोळ सगळ्यांचा होतो. या विषयातली सगळ्यात गाजलेली नावं आता हॉटेलं राहिलेलीच नाहीत. मेम्फिसचं लॉरेन मोटेल ‘बुक’ करायला निघालेले दोघेजण मला माहीत आहेत.

लॉरेनबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण ते पाहिल्यावर बाकीच्या जागा कशा बघायच्या ते कळतं. वॉल्टर आणि लॉरी बेली या ब्लॅक जोडप्याने १९४५ मध्ये ते घेतलं आणि लॉरीबाईंच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. मेम्फिसला गाणी रेकॉर्ड करायला येणारे मोठमोठे गायक इथे उतरत, कारण शहरातल्या बाकीच्या चांगल्या हॉटेलांची दारं त्यांना बंद होती. १९६८ च्या फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि तेराशेच्या आसपास कामगार संपावर गेले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला आले, आणि ४ एप्रिलला ३०६ नंबरच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत त्यांना गोळी लागली. मोटेलचा टेलिफोनचा स्विचबोर्ड लॉरीबाई सांभाळायच्या. त्याच दिवशी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ९ एप्रिलला, किंग यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, त्या गेल्या. किंगबद्दल शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. काउंटरवरची ही बाई मला तिथे गेल्यावर कळली.

वॉल्टर बेलींनी ३०६ पुन्हा कुणाला भाड्याने दिली नाही. १९९१ पासून तिथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. गॅलरीच्या कठड्यावर फुलांचं चक्र असतं, खाली जुन्या दोन गाड्या उभ्या आहेत, आणि खोली काचेपलीकडून बघायची. पलंग, कप, तसंच सगळं. मी तिथे सवयीने दोन गोष्टी बघितल्या, चादर कशी खोचली आहे आणि फोन कुठे ठेवला आहे. मंगळवारी ते सहसा बंद असतं, म्हणून मेम्फिसचा मुक्काम सोमवार किंवा बुधवार धरून आखा, आणि तीन तास तरी हाताशी ठेवा.

बाहेर पडलात की लगेच गाडीत बसू नका. मोटेल बंद झालं तेव्हा, १९८८ मध्ये, तिथे राहणाऱ्या शेवटच्या भाडेकरू बाईला बाहेर काढलं गेलं. त्या समोरच्या फुटपाथवर ठाण मांडून वर्षानुवर्षं निषेध करत राहिल्या. त्यांचं म्हणणं असं की किंग गरिबांसाठी आले होते, तर या पैशात गरिबांना घरं द्यायची होती. त्यांचं पटो न पटो, पुढे कुठल्याही हॉटेलला लावायचा प्रश्न मला या बाईंकडून मिळाला: इथे येणाऱ्या पैशाचं काय होतं, आणि आधी इथे कोण राहायचं?

बाकीच्या ‘फक्त बघण्याच्या’ जागा भरभर सांगते. अलाबामात बर्मिंगहॅमला ए. जी. गॅस्टन मोटेल, १९५४ चं. १९६३ च्या नागरी हक्क आंदोलनाची खलबतं तिथल्या ३० नंबरच्या खोलीत झाली आणि त्याच मे महिन्यात मोटेलमध्ये बॉम्बस्फोट झाला. २०१७ पासून तो परिसर राष्ट्रीय स्मारक आहे. मायामीत हॅम्प्टन हाउस. १९६४ मध्ये मुष्टियुद्धात सनी लिस्टनला हरवल्यावर कॅशिअस क्ले, म्हणजे नंतरचे मोहम्मद अली, ब्लॅक नेते माल्कम एक्स यांच्याबरोबर तिथे गेले होते. लॉस एंजेलिसला सेंट्रल अव्हेन्यूवर डनबार. जॉन सॉमरव्हिल या ब्लॅक दंतवैद्यांनी १९२८ मध्ये बांधलेलं, आता तिथे कमी भाड्याची घरं आहेत. फुटपाथवरच्या बाईंचं निदान एका ठिकाणी कुणीतरी ऐकलं म्हणायचं.

न्यूयॉर्कला असाल तर हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावरची थेरेसा हॉटेलची इमारत दहा मिनिटं उभं राहून बघा. १९१३ ची इमारत, आणि १९४० पर्यंत हार्लेममध्ये असूनही तिथे ब्लॅक माणसाला खोली मिळत नव्हती. १९६० च्या सप्टेंबरमध्ये फिडेल कॅस्ट्रो मधल्या शहरातलं हॉटेल सोडून इथे येऊन राहिले, आणि त्यांना भेटायला जे आले त्यांत पंडित नेहरूही होते. आता वर ऑफिसं आहेत. आत जायची धडपड करू नका, गार्ड हटकतो.

जिथे खरंच पलंग मिळतो

न्यू ऑर्लीन्सचं ड्यू ड्रॉप इन माझं आवडतं. फ्रँक पेनिया यांनी १९३९ मध्ये लासाल रस्त्यावर सुरू केलं. हॉटेल, न्हाव्याचं दुकान आणि रात्री गाणं, सगळं एका छताखाली. १९५५ मध्ये लिटल रिचर्ड रेकॉर्डिंगच्या मधल्या सुट्टीत इथल्या पियानोवर बसले आणि त्यांचं गाजलेलं गाणं तिथूनच पुढे आलं. गोरे आणि ब्लॅक एकत्र बसले म्हणून १९५२ मध्ये पोलिसांनी धाड घालून खुद्द पेनियांना पकडलं होतं. त्यांच्यानंतर ते बंद पडलं, कतरिना वादळाने उरलंसुरलं खाल्लं, आणि २०२४ मध्ये सतरा खोल्यांचं हॉटेल आणि गाण्याचा हॉल म्हणून ते पुन्हा उघडलं. खोली घेताना स्पष्ट विचारा, ‘आज रात्री कार्यक्रम आहे का, आणि ही खोली स्टेजपासून किती लांब?’ गाणं ऐकायला जाणार असाल तर प्रश्नच नाही. सोबत दहाला झोपणारे सासू-सासरे असतील तर आहे.

नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोला मॅग्नोलिया हाउस. गिस्ट कुटुंबाने १९४९ मध्ये घेतलेलं, ग्रीन बुकमधलं घर, मोजक्या खोल्यांचं. याच गावात १ फेब्रुवारी १९६० ला चार ब्लॅक विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठेनात. त्या दुकानाच्या जागी आता संग्रहालय आहे. दोन्ही एकाच मुक्कामात होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर, ओक ब्लफ्सला, शिअरर कॉटेज. व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्मलेले चार्ल्स शिअरर आणि त्यांची बायको हेन्रिएटा यांनी १९१२ मध्ये पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि घर अजून त्याच कुटुंबाकडे आहे. फक्त उन्हाळ्याचा कारभार, फेरीने जायचं, म्हणजे घर आणि फेरी दोन्हींचं बुकिंग हिवाळ्यातच करा. ‘अक्वाबा’ नावाची घरं आहेत. घानातल्या अकान भाषेत अक्वाबा म्हणजे ‘या, स्वागत’. मोनिक ग्रीनवूड या ‘एसेन्स’ मासिकाच्या मुख्य संपादक झालेल्या बाईंनी १९९५ मध्ये ब्रुकलिनला पहिलं सुरू केलं. वॉशिंग्टनच्या त्यांच्या घरात खोल्यांना ब्लॅक साहित्यिकांची नावं आहेत.

अशा घरांना फोन करा. बुकिंगच्या साइटवरून खोली घेतलीत की साधारण पंधरा ते पंचवीस टक्के साइटवाला कापून घेतो. दोनशे डॉलरच्या खोलीत तीस-चाळीस-पन्नास डॉलर तिथेच गेले. साठ खोल्यांचं मोटेल ते सोसतं, पाच खोल्यांचं घर नाही. शिवाय फोनवर माणूस भेटतो. आम्ही काउंटरवाले फोन करणाऱ्याला जरा बरी खोली देतोच, हे उघड गुपित. जिना किती पायऱ्यांचा, बाथरूम खोलीत की बाहेर, नाश्ता किती वाजेपर्यंत, रद्द केलं तर पैसे कधीपर्यंत परत, एवढं विचारून घ्या. दर विचाराल तेव्हा ‘सगळे कर आणि फी धरून’ असं म्हणा. मे २०२५ पासून केंद्राच्या नियमाने सक्तीची फी जाहिरातीच्या दरातच दाखवावी लागते, पण सरकारी कर अजूनही वरून लागू शकतो, आणि कार्डावर अनामत अडकवली जाते ती वेगळीच.

शाकाहारींसाठी: नाश्त्याला किंवा जेवणाला ‘ग्रीन्स’ दिसले की पालेभाजी आली म्हणून हुरळून जाऊ नका. दक्षिणेत कोलार्डची पानं बहुतेक वेळा डुकराच्या हाडाबरोबर किंवा धुरावलेल्या टर्कीबरोबर शिजवतात. न्यू ऑर्लीन्सला सोमवारी राजमा-भात मिळतो, दिसायला अगदी आपला, आणि आत सॉसेज. ‘शाकाहारी आहे का’ एवढं विचारून भागत नाही, ‘यात मांस किंवा मांसाचं पाणी आहे का’ असं विचारा. आदल्या दिवशी सांगितलंत तर वेगळं करून देतात, आणि प्रेमाने देतात.

नवी, झकपक, आंदोलनवाली

वॉशिंग्टनला के रस्त्यावरचं ईटन २०१८ मध्ये उघडलं. आत रेडिओ स्टुडिओ, सिनेमाचा हॉल, आंदोलनातल्या लोकांना बसायला-काम करायला जागा. खाटेशेजारच्या खणात अमेरिकेत जिथे बायबल असतं तिथे संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा. बारमध्ये भिंतभर चित्र आहे, त्यात परीकथेतल्या ॲलिसच्या जागी रूबी ब्रिजेस: १९६० मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत मार्शलांच्या पहाऱ्यात गेलेली सहा वर्षांची मुलगी. चित्र सुरेख आहे. त्याखाली उभं राहून लोक कॉकटेलसह सेल्फी काढतात, ते बघून मला जरा कसंसंच होतं. पण त्यातल्या एखाद्याने घरी जाऊन रूबी कोण ते वाचलं असेलही.

इथे एक फरक नीट करा. ईटन काढलं हाँगकाँगच्या हॉटेलवाल्या घराण्यातल्या कॅथरीन लो यांनी. त्यांनी कधी काही लपवलेलं नाही. फक्त ‘ब्लॅक संस्कृतीला जागा देणारं’ आणि ‘ब्लॅक मालकीचं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत त्या मुद्दाम एकमेकींत मिसळल्या जातात. मालकी हवी असेल तर सालामँडर बघा: मालक शीला जॉन्सन, ब्लॅक प्रेक्षकांसाठीच्या बीईटी वाहिनीच्या सहसंस्थापक. त्यांनी २०१३ मध्ये व्हर्जिनियात मिडलबर्गला रिसॉर्ट उघडलं, २०२२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये हॉटेल घेतलं. २०२१ पासून शेफ क्वामे ओनवुआची यांच्यासोबत ब्लॅक स्वयंपाकाचा मोठा मेळा भरवतात. दर बघितला आणि मी टॅब बंद केला, हेही सांगायला हवं.

साध्या साखळी हॉटेलातही मालक ब्लॅक असू शकतो. वरची पाटी कंपनीची, इमारत आणि धंदा दुसऱ्याचा, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. आमचंही तसंच होतं. ब्लॅक हॉटेलमालकांची नॅबहूड नावाची राष्ट्रीय संघटना आहे, तिथून सुरुवात करता येते. नाहीतर सरळ मॅनेजरला विचारा, ‘मालक कोण?’ कुणी रागावत नाही. भिंतीवर किंगचा फोटो असेल तर पुढचा प्रश्न विचारा: ‘हे चित्र इथल्या चित्रकाराचं आहे का, त्याला पैसे दिलेत का, आणि संध्याकाळचा हॉल मोहल्ल्यातल्या संस्थांना फुकट मिळतो का?’ ज्याच्याकडे खरंच काही आहे तो थांबत नाही, बोलत सुटतो. ज्याच्याकडे फोटोच आहे तो ब्रोशर देतो.

खोली झाडणारीचं काय?

हक्कांच्या गप्पा मारणारं हॉटेल मी शेवटी इथे तपासते. हॉटेल कामगारांची युनाइट हिअर ही युनियन ‘फेअरहोटेल’ नावाची यादी चालवते: कुठे युनियन आहे, कुठे संप आहे, कुठे जाऊ नका. बुकिंगआधी दोन मिनिटं ती बघा. २०२४ मध्ये लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीत दहाएक हजार कामगार बऱ्याच शहरांत संपावर होते आणि अनेक पाहुण्यांना ते दारात पोचल्यावर कळलं. दारात फलक घेऊन माणसं उभी दिसली तर आत जायच्या आधी त्यांच्याशी बोला. लॉरेनला किंग कशासाठी आले होते, ते आठवा.

‘पर्यावरणासाठी रोजची सफाई नको’ असं कार्ड पलंगावर असतं. ते मी वापरत नाही. खोल्या कमी झाडायच्या म्हणजे बाईचे तास कमी, आणि ज्या सोडल्या त्या तिसऱ्या दिवशी दुप्पट घाण. आणखी एक विचारा, खोलीत एकटं काम करणाऱ्या बायकांना संकटकाळचं बटण दिलंय का. सिएटलने २०१६ मध्ये मतदानाने आणि शिकागोने २०१७ मध्ये ठरावाने ते सक्तीचं केलं. जिथे सक्ती नाही तिथे दिलं असेल तर त्या हॉटेलला माझे दोन गुण जास्त.

कुणाला खोली नाकारताना दिसलं, किंवा तुम्हालाच नाकारली, तर शांतपणे म्हणा, ‘ही पॉलिसी लेखी दाखवा.’ मला तसं कुणी म्हटलं असतं तर माझ्याकडे दाखवायला कागद होता, पण मागच्या जोडप्याला ती का लावली नाही याचं उत्तर नव्हतं. वेळ, काउंटरवरच्याचं नाव, पार्किंगचा फोटो, तेवढ्यात फोनवरून त्याच हॉटेलात खोली आहे का ते बघून त्याचा स्क्रीनशॉट. तक्रार राज्याच्या मानवी हक्क आयोगाकडे किंवा केंद्राच्या न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाकडे करता येते.

अजून एक, जरा ओशाळवाणं. आपण लॉबीत उभं राहून ‘ते काळे’ म्हणून मराठीत बिनधास्त बोलतो. शब्द कळत नाही, सूर कळतो. काउंटरच्या आतून तर फारच कळतो.

टिप रोजची रोज ठेवा, कारण उद्या दुसरी बाई असेल. तीन ते पाच डॉलर. आणि कागदावर ‘हाउसकीपिंग’ असं मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यावर ठेवा. नुसती नोट टेबलावर दिसली की ती पाहुण्याची विसरलेली समजून इमानदार बाई खाली आणून देते. आमच्या ड्रॉवरमध्ये अशा नोटांचं एक जाड पाकीट होतं, आणि ते घ्यायला कधीच कुणी आलं नाही.